मोडक्या मोटारीचा निकाल

सन २०२२ च्या जून महिन्यांत, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशीं, आमची मोटार कार्लेखिंडीच्या अलीकडील वळणावर एका आंब्याच्या झाडास जाऊन भिडली. आम्ही पेणहून अलिबागेकडे परत येत होतों. उन्हाळाभर सडकेवर सांडलेलें तेल पहिल्या पावसांत वर येतें आणि डांबरी रस्ता शेवाळलेल्या पायरीसारखा निसरडा होतो, ही गोष्ट आमच्या भागांतील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. आम्हांसही ठाऊक होती. परंतु म्हशीचें पारडूं एकाएकीं समोर येतें, तेव्हां डोक्याला ठाऊक असलेल्या गोष्टी पायाला आठवत नाहींत. आम्हीं ब्रेक दाबला. चाकें थांबलीं, मोटार मात्र थांबली नाहीं.

सुदैवानें कोणास मोठी इजा झाली नाहीं. पट्टे बांधलेले असल्यामुळें आम्ही व सौभाग्यवती जागच्या जागीं राहिलों. मागें बसलेल्या आईच्या मनगटास मुका मार बसला. तिनें पहिली चौकशी केली ती पारडाची. तें शेजारच्या शेतांत शांतपणें चरत होतें. मोटारीची अवस्था मात्र शोचनीय होती. उजवा दिवा, मडगार्ड, बोनेट आणि रेडिएटर यांपैकीं कोणता भाग कोठें संपतो व दुसरा कोठें सुरू होतो हें सांगण्याची सोय राहिली नव्हती. उजवें चाक मागें सरकून दाराकडे कललें होतें, आणि इंजिनाखालून हिरवट पाण्याचा ओहोळ रस्त्याच्या कडेला वाहत चालला होता.

या मोटारीची पूर्वपीठिका सांगितल्यावांचून पुढील हकीकत कळावयाची नाहीं. ती वॅगन-आर जातीची, सन २०११ मध्यें प्रथम रस्त्यावर आलेली. आम्हीं ती २०१७ सालीं, वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून दोन लक्ष दहा हजार रुपयांस घेतली. घेतांना आम्हीं काय पाहिलें? रंग पाहिला, तो आरशासारखा होता. आसनांचीं आच्छादनें पाहिलीं, तीं कोरीं होतीं. आमच्या मेहुण्यांनीं चारी टायरांना एकेक लाथ मारून पाहिली. मोटारीची परीक्षा करणाऱ्या पुरुषानें एवढें केलेंच पाहिजे अशी समजूत आहे. मग पेढे वांटले. आपण मोठा सौदा साधला असें पुढें पांच वर्षें आम्ही चारचौघांत सांगत होतों.

आणि मोटारीनेंही आमचा शब्द खालीं पडूं दिला नव्हता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें, त्या दिवशीं थळ येथील आमच्या घराचीं अर्धीं कौलें पाचोळ्यासारखीं उडालीं, परसांतील सुपाऱ्या कंबरेंतून मोडल्या, आणि वीज गेली ती पुष्कळ दिवस आलीच नाहीं. आडवीं पडलेलीं झाडें बाजूला होऊन रस्ता मोकळा झाला त्या दिवशीं याच मोटारींतून आम्हीं आईला पेणला नातलगांकडे पोहोंचविलें, आणि येतांना मागच्या आसनावर ताडपत्र्या भरून आणल्या. शेजारच्या नाखव्यांच्या सुनेला अपरात्रीं अलिबागेस प्रसूतीसाठीं नेलें तेंही हिच्यांतूनच. अशा मोटारीला भंगार म्हणावयास जीभ रेटत नाहीं. शिवाय आमची कन्या येत्या वर्षीं अठरा वर्षांची होणार होती, आणि मोटार हांकण्याचें शिक्षण याच गाडीवर घ्यावयाचें असा तिचा करार आमच्याशीं कधींच होऊन चुकला होता.

मोटार प्रथम कंपनीच्या कारखान्यांत नेली. तेथील खर्चाचा अंदाज एक लक्ष अडतीस हजार रुपयांचा निघाला. आमच्या विम्यांत मोटारीची किंमत एक लक्ष वीस हजार धरलेली होती. ही किंमत कशी ठरते हें बहुतेक विमेदार अपघात होईपर्यंत वाचीत नाहींत. आम्हींही वाचलें नव्हतें. नव्या मोटारीच्या मूळ किंमतींतून पहिल्या सहा महिन्यांत शेंकडा पांच, एक वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, असें करीत पांचव्या वर्षाअखेर शेंकडा पन्नास वजा होतात, आणि त्यापुढें ती किंमत विमेदार व विमा कंपनी यांनीं आपसांत ठरवावयाची असते. दुरुस्तीचा एकंदर खर्च या ठरलेल्या किंमतीच्या शेंकडा पंचाहत्तरांहून अधिक झाला, कीं मोटार पूर्ण नष्ट झाली असें समजण्यांत येतें. आमच्या बाबतींत ही मर्यादा नव्वद हजारांची होती. कागदोपत्रीं आमची मोटार मरण पावली होती, आणि तरीही तिचा भोंगा वाजत होता.

विम्याच्या सर्वेक्षकांनीं आम्हांस हिशेब समजावून दिला. मोडलेल्या मोटारीस एका खरेदीदारानें पंचेचाळीस हजार रुपये देऊं केले होते. एक लक्ष वीस हजारांतून ते वजा करावयाचे, नियमाप्रमाणें आणखी एक हजार वजा करावयाचे, आणि राहिलेले चौऱ्याहत्तर हजार कंपनी आम्हांस देणार. मोटार आमचीच राहणार. ती त्या खरेदीदारास द्यावी किंवा ठेवून घ्यावी, हें सर्वस्वीं आमच्या मर्जीवर.

येथेंच खऱ्या अडचणीला सुरुवात झाली. कारण आमच्या मेहुण्यांनीं अलिबागेंतील एक मिस्त्री गांठले. हे मिस्त्री कुशल कारागीर असून त्यांचे दोन्ही चिरंजीव आमच्या हाताखालीं भूमिति शिकून गेलेले आहेत. त्यांनीं मोटारीभोंवतीं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "मास्तर, कुर्ल्याहून जुना माल आणतों. बोनेट, दिवा, रेडिएटर, चाकाचें सामान, सगळें. रंगासकट अडुसष्ट हजारांत उभी करून देतों. ओळखूं येणार नाहीं." मेहुण्यांनीं लागलीच गणित मांडलें: चौऱ्याहत्तरांतून अडुसष्ट गेले, म्हणजे मोटारही परत आणि वर सहा हजार रुपये हातांत. इतका सरळ हिशेब असतांना विचार कसला करावयाचा, असें त्यांचें म्हणणें. खरें सांगावयाचें तर आमचेंही मन त्याच बाजूस कललें होतें. फक्त काम सुरू करण्यापूर्वीं मोटार उघडून, मापें घेऊन पाहावी, एवढी अट आम्हीं घातली.

या मापांविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. मालमोटारीला खालीं एक भक्कम लोखंडी सांगाडा असतो व वरचें शरीर त्यावर बसविलेलें असतें. वरचें मोडलें तरी सांगाडा शाबूत राहूं शकतो. लहान मोटारींत असा निराळा सांगाडा नसतो. दुमडलेले पत्रे एकमेकांस असंख्य ठिकाणीं ठिपक्याठिपक्यांनीं वितळवून जोडतात, आणि ती सबंध पेटीच सांगाड्याचें काम करते. इंजिनाच्या दोहों अंगांस पुढें गेलेल्या दोन पोकळ चौकोनी नळ्या असतात. गॅरेजांतील मंडळी त्यांस सरसकट 'चॅसी' म्हणतात. टक्कर झाली असतां या नळ्यांनीं घडी घालून चुरगळावें, म्हणजे धक्का त्यांत जिरून आंत बसलेल्या माणसापर्यंत कमी पोहोंचतो, अशी योजना असते. आमच्या उजव्या नळीनें तें कर्तव्य बजावलें होतें, आणि म्हणूनच आज आम्ही हा लेख लिहीत आहों. परंतु घडी पडलेला पोलादी पत्रा साखळ्या लावून ओढला व ठोकला, तर तो डोळ्यांस सरळ दिसतो, तरी घडीच्या जागीं कडक व ठिसूळ झालेला असतो. आणि गॅसच्या ज्योतीनें लाल करून सरळ केला, तर त्याचें मूळचें पाणी उतरतें. दुसऱ्या प्रसंगीं तो कोठें व कसा मोडेल, याची शाश्वती राहत नाहीं.

मिस्त्र्यांनीं सुतळी काढली. मोटारीच्या तळाशीं पुढें दोन व मागें दोन अशीं ठरावीक भोकें असतात. त्यांमधील कर्ण मोजावयाचे. आयताचे कर्ण समान असतात हा सिद्धांत आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल याची गणती नाहीं. परंतु त्यावर आपल्या घरचा पैसा अवलंबून असेल असें कधीं मनांत आलें नव्हतें. एक कर्ण दुसऱ्याहून पाऊण इंच कमी भरला. "ओढून निघेल," मिस्त्री म्हणाले. नंतर त्यांनीं पायपुसण्याखालील तळ दाखविला. समुद्राचा खारा वारा वर्षानुवर्षें जेथें वाहतो, तेथें लोखंड बाहेरून दिसतें त्यापूर्वींच आंतून खाल्लें जातें. पोकळ नळ्यांत तर ओल शिरते ती बाहेर पडत नाहीं. मिस्त्र्यांनीं पेचकसाचें टोंक टेकविलें, आणि तें पापडांत शिरावें तसें आंत शिरलें. "येथें पत्रा मारूं," मिस्त्री म्हणाले. त्यांच्यापाशीं प्रत्येक प्रश्नास उत्तर होतें, आणि प्रत्येक उत्तर आमच्या सहा हजारांच्या आंत बसत होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं शाळेच्या प्रयोगशाळेंतून एक लहानसें लोहचुंबक मागून नेलें. (मुख्याध्यापकांच्या अनुमतीनें नेलें व परतही केलें, हें विद्यार्थ्यांच्या माहितीसाठीं.) रंगाखालीं शुद्ध पत्रा असेल तेथें चुंबक चिकटतें, आणि रंगाखालीं पुट्टीचा जाड थर असेल तेथें तें गळून पडतें. उजवी बाजू तर मोडलेलीच होती. आम्हीं सहज म्हणून डाव्या, धड बाजूस चुंबक लावून पाहिलें. दारावर चिकटलें. चाकाच्या वरच्या अंगास लावलें, तों खालीं पडलें. पुन्हां लावलें, पुन्हां पडलें. मिस्त्र्यांनीं आमच्या तोंडाकडे पाहिलें, हत्यार घेतलें आणि तेथील रंग खरवडला. बोटभर जाडीची पुट्टी वडीसारखी निघून आली. तिच्या आंत, डाव्या नळीवर, एका हातानें दुसऱ्या हाताची चूक झाकावी तसा एक जुना, ओबडधोबड वेल्डिंगचा सांधा होता.

आमची मोटार आमच्याकडे येण्यापूर्वींच एकदां मोडली होती. आणि कोणीतरी, आमच्याप्रमाणेंच, हिशेब मांडला होता.

त्या दिवशीं घरीं येऊन आम्ही कोणाशीं फारसें बोललों नाहीं. पांच वर्षें त्या सांध्याच्या मागें आई बसत होती. नाखव्यांची सून पोटांतल्या जिवासह बसली होती. आम्हीं ज्यास मोठा सौदा म्हणत होतों, तो त्या व्यापाऱ्यानें साधला होता. राग आला, परंतु राग कोणावर काढावा? त्या व्यापाऱ्यानेंही ती मोटार कोणाकडून अशीच चकचकीत घेतली असेल.

संध्याकाळीं नाखवा अंगणांत आले. वय पंचाहत्तरांच्या पुढें. जन्मभर समुद्रावर गेलेला मनुष्य. त्यांना सर्व प्रकार सांगितला. त्यांनीं मोटारीविषयीं मत देण्याचें नाकारलें, तें आपलें क्षेत्र नव्हे म्हणून. पण होडीविषयीं बोलूं लागले. आतां पुष्कळ होड्या फायबरच्या येतात, त्यांचें शास्त्र निराळें. पण लांकडी होडी खडकावर आपटली, तर तिच्या फुटक्या फळ्या कोणी मोजीत बसत नसे. फळी बदलतां येते, आंतला बांक बदलतां येतो, सांध्यांत कापूस व राळ भरून पाणी बंद करतां येतें. पहिल्यानें पाहावयाचें तें पठाण. वाचकांपैकीं जे घाटावरचे असतील त्यांच्यासाठीं सांगतों, कीं पठाण म्हणजे होडीच्या तळाशीं नाळेपासून पिछाडीपर्यंत गेलेलें लांब अखंड लांकूड. होडीचा कणाच तो. "पठाण सरळ असेल तर होडी जिवंत," नाखवा म्हणाले, "पठाणाला बांक आला तर लांकूड सुतारकामाला, राहिलेलें चुलीला. असली होडी रंगवून विकणारे होते हो, गुरुजी. पण ती जो घेईल तो याच पाण्यांत येणार. वादळांत कोणाच्या हांकेला धांवून जायचें, तें पण आपल्यालाच."

तरीही निर्णय झाला असें नाहीं. मनुष्य सहा हजार रुपये व एक जुनी संवय इतक्या सहज सोडीत नाहीं. सौभाग्यवतींचें म्हणणें असें, कीं दोन्ही नळ्या नव्या घालून, तळ नवा करून घ्यावा. तसें करतां येतें काय, म्हणून आम्हीं मिस्त्र्यांस विचारलें. त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें, कीं करतां येतें, पण त्यासाठीं सबंध गाडी ठराविक मापाच्या पीठावर बांधावी लागते, तसें साधन त्यांच्यापाशीं नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं आहे त्यांचा खर्च मोटारीच्या किंमतीहून अधिक होईल. म्हणजे पुन्हां एक लक्ष अडतीस हजारांपाशींच आलों. अखेर आम्हीं त्यांस एक साधा प्रश्न केला: "तुम्ही काम कराल त्याच्या पावतीवर, दोन्ही बाजूंची चॅसी जोडून सरळ केली, असें लिहून द्याल ना?"

मिस्त्री हंसले. "तसें कोण लिहितो, मास्तर? 'डेंटिंग व पेंटिंग' एवढेंच लिहितों. उद्यां तुम्ही गाडी विकाल, तेव्हां गिऱ्हाईक बिचकेल ना!"

त्यांच्या बोलण्यांत लबाडी नव्हती; उलट आमच्या हिताची काळजी होती. पण ज्या कामाची पावती लिहितां येत नाहीं तें काम करवून घ्यावयाचें नाहीं, एवढें त्या वेळीं आमचें ठरलें. मोटार दुरुस्त करावयाची नाहीं. मेहुणे दोन आठवडे आमच्याशीं तुटक बोलत होते.

आतां पंचेचाळीस हजार घेऊन मोटार त्या खरेदीदाराच्या स्वाधीन करावी, कीं प्रकरण मिटलें, असें कोणीही म्हणेल. आम्हीही तसेंच म्हणत होतों. खरेदीदाराचा मनुष्य टेंपो घेऊन आला, आणि नोंदणीचें मूळ प्रमाणपत्र व हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० यांवर आमच्या सह्या मागूं लागला. भंगारास हस्तांतर कशाला? आम्हीं मिस्त्र्यांस एकीकडे घेऊन विचारलें, कीं ही मोटार निव्वळ सुटे भाग म्हणून विकली तर काय येईल. त्यांनीं इंजिन, गिअरपेटी, मागचीं दारें, कांचा व चाकें यांचा हिशेब करून अठ्ठावीस हजार सांगितले. मग हा गृहस्थ सतरा हजार अधिक कशाचे देत होता? ते कागदाचे होते. कागद हातीं असला कीं मोटार पुन्हां उभी राहते, कुर्ल्याचें बोनेट व अलिबागेचा किंवा आणखी कोठला रंग घेऊन पुन्हां एखाद्या व्यापाऱ्याच्या दारीं जाते, आणि कोणी एक मास्तर तिच्या टायरांस लाथ मारून पेढे वांटतो.

सतरा हजार ही रक्कम आमच्यासारख्यास लहान नव्हे. त्या रात्रीं आम्हीं ती वहीच्या शेवटच्या पानावर तीन वेळां लिहिली व तीन वेळां खोडली. कन्येच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले होते. आम्हीं तिला सर्व सांगितलें, तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, आपल्याला विकली तेव्हां त्या माणसाला माहीत असेल का हो?" आम्हीं सांगितलें, "बहुधा असेल." ती उठून आंत गेली.

मोटार-वाहन कायदा, १९८८, याच्या ५५ व्या कलमांत असें आहे, कीं वाहन नष्ट झालें अथवा कायमचें निरुपयोगी झालें, तर मालकानें चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लौकर, नोंदणी-अधिकाऱ्यास कळवून प्रमाणपत्र परत करावें. आमच्या जिल्ह्याचें हें कार्यालय पेणला आहे. आम्ही एस.टी.नें पेणला गेलों. त्या कामास एक खेप पुरली नाहीं, तीन लागल्या. पहिल्या खेपेस विमा कंपनीचें पत्र नव्हतें, दुसऱ्या खेपेस चॅसीवरील क्रमांकाचा कापलेला तुकडा पाहिजे होता. कार्लेखिंडीवरून जातां-येतां आम्हीं तें आंब्याचें झाड सहाही वेळां पाहिलें. सालीवर एक पांढरट ओरखडा होता. बाकी त्याचें कांहीं बिघडलें नव्हतें.

कापण्याचें काम मिस्त्र्यांच्याच गॅरेजांत झालें. आम्ही मुद्दाम उभे राहिलों. इंजिन व दारें निघून गेल्यावर राहिलेली पेटी इतकी लहान दिसली, कीं पांच माणसें हिच्यांत बसत होतीं यावर विश्वास बसेना. मिस्त्र्यांनीं गॅसची ज्योत प्रथम डाव्या नळीवर धरली. जुन्या सांध्याच्या जागीं ती नळी थोड्याशा आंचेनेंच सुटली. उजव्या बाजूस मात्र बराच वेळ लागला. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तो सांधा असलेला तुकडा थंड झाल्यावर उचलून आपल्या बांकाखालीं ठेवला. तो त्यांनीं कशासाठीं ठेवला हें आम्हीं विचारलें नाहीं. अठ्ठावीस हजारांपैकीं त्यांनीं स्वतःची मजुरी घेतली नाहीं, हें येथें नमूद करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

आतां आम्ही एस.टी.नें शाळेंत येतों आणि पहिल्या तासास कधीं कधीं चार मिनिटें उशीर होतो. वर्गांतील मंडळींस त्याचें वाईट वाटत नसावें. आईला दवाखान्यांत न्यावयाचें असेल तेव्हां रिक्षा सांगतों. कन्या अलिबागेंतील एका मोटार-शाळेंत शिकली. नवी गाडी घेण्याची भाषा मेहुण्यांनीं अलीकडे पुन्हां सुरू केली आहे. आम्हीं त्यांच्यासाठीं एक लोहचुंबक विकत आणून ठेवलें आहे.

मोटारीचें मागचें आसन कोणी विकत घेईना, तें नाखव्यांनीं मागून नेलें. त्यांच्या पडवींत तें भिंतीला लावून ठेवलेलें आहे. दुपारीं त्यावर पाय सोडून बसून ते जाळीं शिवतात, आणि दोन वर्षांची नात शेजारीं बसून तोंडानें मोटार चालविते.